महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? मग वर्षभर आधीच कामाला लागा

आरक्षणाच्या सोडतीत चिठ्ठी निघते, "प्रभाग दोन, नामाप्र स्त्री" (नामाप्र म्हणजे नागरिकांचा मागास प्रवर्ग), आणि त्याच संध्याकाळी गावातले चार जण घरी येतात. बोलतात मात्र नवऱ्याशी. "वहिनींना उभं करा." २०१२ साली माझ्या बाबतीत असंच झालं. मी आत चहा ठेवत होते आणि बाहेर ओसरीवर माझी उमेदवारी ठरत होती. कप घेऊन बाहेर आले तेव्हा मला एवढंच विचारलं, "वहिनी, आधार कार्ड आहे ना?"

आधार कार्ड होतं. बाकी जवळजवळ काहीच नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत मी ज्या चकरा मारल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त टाळता आल्या असत्या. आधी कुणी सांगणारं असतं तर. नंतर पाच वर्षं सदस्य आणि पाच वर्षं सरपंच म्हणून काम केलं. आता आसपासच्या गावांतल्या बायका फाईल घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येकीच्या फाईलमध्ये तेच घोळ असतात. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुरतंच लिहिलंय. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या निवडणुकीची नोटीस लागली की तहसील कार्यालयातून सूचनांचा कागद घेऊन हे पुन्हा ताडून बघा.

१. आधी आरक्षण नीट समजून घ्या

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि देशभरातल्या पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. महाराष्ट्राने त्याआधीच, १९९० मध्ये, ३० टक्के जागा ठेवल्या होत्या. २०११ पासून आपल्याकडे हे प्रमाण ५० टक्के आहे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. जागा विषम असतील तर वरचा आकडा धरतात, म्हणजे ९ जणांच्या पंचायतीत ५ बायका.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्या राखीव जागांमध्येही स्त्रियांच्या जागा असतात. म्हणून तक्त्यात "सर्वसाधारण स्त्री", "नामाप्र स्त्री", "अनुसूचित जाती स्त्री" असं वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. प्रभागातल्या जागांची सोडत गावात ग्रामसभेत निघते. सरपंचपदाची तालुक्याच्या ठिकाणी निघते. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. तुमचा प्रभाग स्त्री राखीव असला म्हणून सरपंचपद स्त्रीला जाईलच असं नाही, आणि उलटही तसंच.

इथे दोन गैरसमज मी कायम ऐकते. एक म्हणजे "सर्वसाधारण स्त्री" ही जागा फक्त खुल्या वर्गातल्या बायकांची. तसं नाही. त्या जागेवर कुठल्याही जातीची बाई उभी राहू शकते. दुसरा जास्त नुकसान करणारा आहे. नुसतं "सर्वसाधारण" लिहिलेली जागा पुरुषांची, असं गावात सगळे धरूनच चालतात. कायद्यात कुठेही तसं म्हटलेलं नाही. त्या जागेवरही तुम्ही अर्ज भरू शकता. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर तिच्या शेतकरी महिला आघाडीने बायकांची संपूर्ण पॅनेलं उभी करायचं ठरवलं, तेव्हा ५० टक्के तर सोडाच, ३० टक्केसुद्धा कुणी दिलेले नव्हते.

सोडतीला स्वतः जा. एखाद्या लहान मुलाला चिठ्ठी उचलायला लावतात, पाच मिनिटांत कार्यक्रम आटोपतो आणि बायका "त्यात काय बघायचं" म्हणून घरी राहतात. पण प्रारूप, म्हणजे आरक्षणाचा कच्चा तक्ता, प्रसिद्ध झाल्यावर हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. सोडत कशी निघाली हेच माहीत नसेल तर हरकत कशावर घेणार?

२. मतदार यादीत नाव, आणि तेही याच गावात

वय २१ पूर्ण हवं आणि त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं. ऐकायला सोपं वाटतं. पण लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेल्या कितीतरी मुलींचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं. मतदानाला बस पकडून माहेरी जातात, दोन दिवस राहतात, छान वाटतं. उमेदवारीच्या वेळी मात्र तेच आडवं येतं.

ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी वापरतात, आणि राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या एका तारखेला त्या यादीत जी नावं असतात तेवढीच धरतात. ती तारीख उलटल्यावर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. पत्ता बदलून नाव इकडे आणायला आणि नावातली चूक दुरुस्त करायला नमुना ८ भरायचा. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी, बहुतेक गावातल्याच शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांना गाठा. नाव आलं की यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत टिपून ठेवा. अर्जात दोन्ही लागतात.

३. दोन नावांचा गुंता आधी सोडवा

माझं माहेरचं नाव मंदाकिनी. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने "स्वाती" लिहिलं आणि सासरी मी स्वाती झाले. शाळेचा दाखला मंदाकिनीचा, तोही वडिलांच्या नावासकट. आधार स्वातीचं. मतदार यादीत "स्वाति", ऱ्हस्व. बँकेच्या पासबुकात नवऱ्याचं नाव अर्धवट. छाननीच्या दिवशी समोरच्या उमेदवाराचे वकील तो दाखला हातात घेऊन म्हणाले, "साहेब, ही मंदाकिनी कोण?" सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मीच ती, हे मला माहीत होतं. टेबलावर त्याचा कागद नव्हता. शेवटी माझा अर्ज राहिला, पण ती पंधरा मिनिटं मी आजही विसरलेले नाही.

तुम्ही हे आधीच करा. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. ती ग्रामपंचायतीतच होते आणि उशिरानेही होते. त्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं पूर्ण नाव असतं, त्यामुळे माहेरचे आणि सासरचे कागद एकमेकांना जोडले जातात. माझ्यासारखं पाळण्यातलं नावच बदललेलं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं उत्तम. त्याला वेळ लागतो, पण आयुष्यभर कामाला येतं. अगदीच वेळ नसेल तर "या दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र तरी फाईलमध्ये असू द्या.

४. जातीचा दाखला माहेरचाच लागतो

राखीव प्रवर्गातून उभं राहायचं असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लग्नाने जात बदलत नाही. सासरच्यांचा दाखला, नवऱ्याचं जात वैधता प्रमाणपत्र यातलं काहीही तुमच्या कामाचं नाही. दाखला तुमच्या वडिलांच्या बाजूने निघतो, आणि वडिलांचं मूळ घराणं जिथलं, तिथल्या प्रांत कार्यालयातून निघतो. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर चकरा तिकडे.

पुरावा किती जुना लागतो हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा, घराण्यातल्या कुणाचा तरी जातीची नोंद असलेला कागद शोधायचा. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी. मला वडिलांच्या चुलत्यांची नोंद मिळाली ती एका जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरमध्ये. पानाच्या कडा कुरतडलेल्या, पण जातीचा रकाना शाबूत. मुख्याध्यापकांनी ते पान दोन्ही हातांनी धरून उजेडात नेलं आणि मला वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दाखल्यावर काम संपत नाही. जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते, आदिवासींसाठी वेगळ्या समित्या आहेत. अर्ज भरायच्या वेळी वैधता हातात नसेल, तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि "निवडून आल्यावर मुदतीत वैधता सादर करीन" असं हमीपत्र देऊन उमेदवारी भरता येते. ही मुदत सरकारने वेळोवेळी बदलली आहे, म्हणून हमीपत्रावर जी छापली असेल ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ती चुकली तर निवड आपोआप रद्द होते आणि तेही मागील तारखेपासून. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुदत पाळणं बंधनकारकच असल्याचं सांगितलं. त्या धक्क्याने पदं गेलेल्यांत अशा बायका होत्या ज्यांनी काहीही खोटं केलेलं नव्हतं. फक्त माहेरचे कागद वेळेत मिळाले नव्हते.

भावाला आधीच विश्वासात घ्या. वंशावळीला, जुन्या कागदांना त्याची मदत लागते. काही घरांत "ताई आता वाटणी मागणार" अशी शंका येते आणि कागद द्यायला टाळाटाळ होते. त्याला नीट समजावून सांगा की हे निवडणुकीसाठी आहे. आणि त्याच्या मुलांची वैधता काढताना तुमचं प्रमाणपत्र त्यांच्याही उपयोगी पडेल, हेही सांगा.

५. घरच्यांच्या कारणाने बाद होऊ नका

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणं आहेत. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घर तुमच्या नावावर नसतं, निर्णय तुमचे नसतात, पण अपात्रता तुमच्या नावावर येते.

घरात शौचालय हवं आणि ते वापरात असल्याचा दाखला हवा.

पंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नको. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता येऊ शकते. सासऱ्यांच्या नावाची पट्टी असली तरी भरून टाका आणि पावती स्वतःकडे ठेवा. पंचायतीच्या नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदवहीचा, मतदार यादीचा नमुना ८ वेगळा) उतारा काढून घर कुणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या.

सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा नियम कुटुंबालाही लागू केला, म्हणजे अतिक्रमण सासऱ्यांनी केलेलं असलं आणि तुम्ही त्या घरात राहत असलात तरी प्रश्न येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला परत पद दिलं आणि लोकांनी निवडून दिलेल्या बाईला क्षुल्लक आरोपांवरून काढणं गंभीर आहे असं बजावलं. पण त्यासाठी तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं. गोठ्याची भिंत किंवा ओटा गायरानात किंवा रस्त्यात गेला असेल तर आजच मागे घ्या.

पंचायतीच्या कुठल्याही कामात किंवा ठेक्यात तुमचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध नको. नवरा, दीर पंचायतीची कामं घेत असतील तर उमेदवारीआधी वकिलाचा सल्ला घ्या.

आणि अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. मुलगा हवा म्हणून जिच्यावर तिसरं बाळंतपण लादलं गेलं, तीच पुन्हा या अटीने बाहेर पडते. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते ग्रामसभेत, प्रशिक्षणात, सगळीकडे बोलते. पण नियम आहे तोवर घोषणापत्रात खोटं लिहू नका. रेशन कार्ड, अंगणवाडीची नोंद, जन्मनोंद यांतून ते बाहेर येतंच.

ज्यांचा जन्म १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर झालाय त्यांना सातवी पासची अटही आहे. त्याआधी जन्मलेल्यांना नाही.

६. फाईल

एकच प्लास्टिकची फाईल करा, ती तुमच्या कपाटात ठेवा आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा.

- मतदार यादीतल्या तुमच्या नावाचा उतारा
- आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर सातवीची गुणपत्रिका
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्र किंवा एकाच व्यक्तीबद्दलचं प्रतिज्ञापत्र
- राखीव प्रवर्ग असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता किंवा समितीची पोच आणि हमीपत्र
- शौचालय वापराचा दाखला
- थकबाकी नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला
- अपत्यांबद्दलचं घोषणापत्र
- मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांबद्दलचं घोषणापत्र
- निवडणुकीसाठी तुमच्या एकटीच्या नावावर उघडलेल्या नव्या बँक खात्याचं पासबुक
- अनामत रकमेची पावती

पंचायतीतून मिळणारे दाखले निवडणूक जाहीर व्हायच्या आधी, निवांत वेळी मागा. नोटीस लागल्यावर दाखला देणारे अचानक "मीटिंगला गेलेत" असतात. तोंडी मागू नका. दोन प्रतींत लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर तारीख-सही घ्या.

७. अर्ज आणि छाननी

तहसीलदारांची नोटीस लागते, मग अर्जाचे मोजके दिवस, छाननी, माघार आणि चिन्हवाटप. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढून सही करायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे वेळेत द्यायची. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ इतकं मंद चालतं की आयोगाला काही वेळा कागदी अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली आहे. त्या मुभेच्या भरवशावर राहू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच भरा.

सेतू किंवा नेट कॅफेतल्या मुलाकडून अर्ज भरून घेतलात तरी प्रत काढल्यावर एकेक ओळ स्वतः वाचा. प्रभाग क्रमांक आणि जागेचा प्रवर्ग ही दोन घरं सगळ्यात जास्त चुकतात. वाचता येत नसेल तर लेकीला मोठ्याने वाचायला सांगा. कुठलाही रकाना मोकळा सोडू नका. लागू नसेल तिथे "निरंक" लिहा. मतपत्रिकेवर नाव कसं हवं तेही विचार करून ठरवा. गाव तुम्हाला ज्या नावाने हाक मारतं ते नाव लोकांना दिसलं पाहिजे.

छाननीला स्वतः हजर राहा आणि मूळ कागद जवळ ठेवा. हरकत आली तर उत्तर तुम्ही द्या. "माझे मिस्टर सांगतील" हे वाक्य तिथे वापरू नका. निर्णय विरोधात गेला तर त्याची लेखी प्रत लगेच मागा, पुढे कुठेही जायचं झालं तरी तोच कागद लागतो.

८. बिनविरोधच्या बैठकीत तुम्ही कुठे बसता?

माघारीच्या दिवसाआधी गावात बैठका होतात. "गावाची एकी", "खर्च वाचेल" असं म्हणत नावं ठरतात, आणि मागे घ्यायला सांगतात ते बहुतेक बाईलाच. खरीखुरी एकमताने झालेली बिनविरोध निवडणूक चांगलीच. पण पैसे बोलून पद देणं हा गुन्हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका पदांचा लिलाव झाल्याच्या कारणाने आयोगाने रद्द केल्या.

माघारीच्या अर्जावर आधीच सही करून कुणाच्याही हाती देऊ नका. "फक्त जवळ ठेवतो" म्हणून पॅनेलप्रमुख मागतात. मी दिली नाही. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही, पण अर्ज राहिला.

९. प्रचार

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाच्या यादीतल्या मुक्त चिन्हांतलं एक मिळतं. गावातल्या बायकांना ओळखीची वस्तू मागा.

दिवसा घरोघरी गेलात तर म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी भेटत नाही. भांगलणीच्या वेळी बांधावर जा, नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर साडेआठनंतर. आचारसंहितेच्या काळात हळदीकुंकू ठेवून वाण वाटलंत तर ते आमिष धरलं जाऊ शकतं, म्हणून ते टाळाच. सगळ्यात महत्त्वाचं समजवायचं ते मतदानयंत्र. प्रभागात तीन जागा असतील तर तीन मतं द्यायची असतात, आणि थेट सरपंचाची निवडणूक असेल तर चौथं. पहिलं बटण दाबून निघून जाणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. पुठ्ठ्यावर यंत्र काढून दाखवा.

१०. खर्चाचा हिशेब

छापखाना, रिक्षा, चहा, सगळ्याच्या पावत्या. खर्च त्या नव्या खात्यातून. मर्यादा पंचायतीच्या सदस्यसंख्येवर ठरते, तिचा छापील कागद अर्जाच्या वेळी मागून घ्या. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचाच, हरलात तरीही. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. पराभवाच्या दुःखात बायका हे विसरतात आणि पुढच्या वेळी त्यांचा अर्ज इथेच अडतो. पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून बाहेर पडू नका.

११. निवडून आल्यावर: खुर्ची, प्रोसिडिंग आणि डोंगल

पहिल्या मासिक सभेला मी गेले तेव्हा खुर्च्या भिंतीला लावून मांडल्या होत्या. पुरुष सदस्य पुढे, आम्ही बायका दाराजवळ, आणि दोन सदस्यांच्या जागी त्यांचे नवरे. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगची वही फिरवली. निम्मं पान कोरं होतं. "ताई, खाली सही करा, ठराव नंतर लिहितो." मी केली. सहा महिन्यांनी त्या पानावर एक ठराव निघाला जो सभेत कधी बोललाच गेला नव्हता. गटाराचं काम, आमच्या वस्तीचं नाव वगळून.

तेव्हापासून माझा नियम ठरला. वही हातात घ्यायची, शेवटची ओळ संपते तिथून आडवी रेघ मारायची, मग सही. कुणी रागावलं तर रागावू द्या. विरोध असेल तर "माझा विरोध नोंदवा" असं म्हणा आणि तो लिहिला गेलाय का ते बघूनच उठा. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याशी भांडण नको, पण रोकड वही म्हणजे नमुना ५ आणि अंदाजपत्रक म्हणजे नमुना १ दर महिन्याला दाखवायला सांगा. पहिल्यांदा काही कळत नाही. तिसऱ्या महिन्यात आकडे बोलायला लागतात.

सरपंच झालात तर एक वस्तू जिवापाड जपा. वित्त आयोगाच्या पैशाची देणी ऑनलाइन होतात आणि त्यासाठी सरपंचाची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. बोटाएवढा असतो तो. बहुतेक गावांत तो ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर नवऱ्याच्या खिशात सापडतो, आणि पासवर्ड त्यावरच चिकटपट्टी लावून लिहिलेला. पुढे चौकशी लागली की नोटीस बाईच्या नावाने येते. माझा डोंगल मी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला होता. पैसे सोडायचे तेव्हा मी कार्यालयात जायचे, बिल, मोजमाप पुस्तिका आणि ठराव बघायचे, मग तो लावायचे. कोऱ्या लेटरहेडवर आणि कोऱ्या चेकवरही सही नाही, घरच्या माणसालाही नाही.

नवऱ्याने गाडीवर सोडायला यावं, कागद समजावून सांगावा, यात काही वाईट नाही. माझ्या मिस्टरांनी मला खूप मदत केली. सभेच्या दाराशी ते थांबायचे. सरपंचाच्या जागी नवऱ्याने कारभार करण्याच्या प्रकारावर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२३ मध्ये समितीही नेमली होती. तुमच्या पंचायतीत दुसऱ्या सदस्याचा नवरा सभेत बसत असेल तर त्या ताईला एकटीला भेटून बोला, चारचौघांत नको. तिला घरी जायचं असतं.

आणि या दोन गोष्टी सुरुवातीलाच मागून घ्या. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवा, तो कशावर झाला ते विचारा. आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावर होते. तुम्ही खरी घ्या. आमच्याकडे पहिल्या खऱ्या महिला सभेला अकरा जणी आल्या आणि पहिला विषय निघाला तो स्मशानभूमीच्या रस्त्यावरच्या दिव्याचा, कारण पहाटे त्याच वाटेने त्या शेतात जातात. तो ठराव कुठल्याही पुरुषाने आजवर मांडला नव्हता.

प्रशिक्षणाचं पत्र आलं की जा. प्रशिक्षणं यशदाकडून, म्हणजे राज्याच्या प्रशिक्षण संस्थेकडून, आणि पंचायत समितीतून होतात. जेवढं तिथे शिकायला मिळतं तेवढंच शेजारच्या गावच्या सरपंच ताईच्या फोन नंबरचं मोल असतं.

१२. पाच वर्षांत आणखी काय येऊ शकतं

सहा महिने सलग सभांना गैरहजर राहिलात तर पद जाऊ शकतं. बाळंतपण, आजारपण असेल तर आधीच लेखी रजा मागा आणि पोच ठेवा.

महिलेसाठी राखीव सरपंचपदावरच्या बाईवर अविश्वास ठराव आणायला तीन चतुर्थांश सदस्यांचं बहुमत लागतं. हे माहीत असेल तर "उद्याच काढू" अशा धमक्यांनी झोप उडत नाही. अपात्रतेची तक्रार झाली तर ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. नोटीस आली की त्याच दिवशी वकील गाठा, तारखेला गैरहजर राहू नका.

मुदत संपताना आरक्षण फिरतं. आपण चांगलं काम केलं तरी तीच जागा पुढच्या वेळी राखीव असेलच असं नाही. बऱ्याच जणी तिथेच थांबतात, कुणीतरी सांगतं की "आता पुरुषांची पाळी". २०२२ ला आमचा प्रभाग सर्वसाधारण झाला. मी जुनी फाईल काढली. यादीचा उतारा, थकबाकीचा दाखला आणि बँक खातं एवढंच नवीन लागलं, बाकी सगळं तयार होतं. पहिल्याच दिवशी, अकरा वाजता, तहसीलमध्ये रांगेत माझा पहिला नंबर होता.